किल्ल्या कोणाकडे आहेत? दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या धंद्यासाठी सायबर सुरक्षेची सुरुवात

भोसरी, सातपूर, शिरोली नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीतला एखादा मध्यम कारखाना घ्या. दहा-पंधरा कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा, दोन मशीनवर ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, कंपनीच्या नावाचे पाच-सात ईमेल, गेटवर कॅमेरे, आणि हे सगळं सांभाळायला फोन केला की येणारा एक कॉम्प्युटरवाला. सुरक्षेचा विषय काढला की मालकाचं उत्तर ठरलेलं असतं, "आमच्याकडे हॅकर कशाला येईल? आमच्याकडे आहे काय?"

हॅकर तुमचं नाव बघून येतच नाही. इंटरनेटवर उघडं पडलेलं मशीन शोधणारे प्रोग्रॅम जगभरचे पत्ते रात्रंदिवस चाचपत असतात. तुमचं सापडलं की शिरतात. तुमची कंपनी कोणती, उलाढाल किती, हे नंतर बघितलं जातं, खंडणीचा आकडा ठरवताना.

हा लेख अशाच कारखान्या-दुकानांसाठी, सीए किंवा डॉक्टरांच्या ऑफिससाठी आहे. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. बहुतेक जण आधी अँटिव्हायरस आणि महागडा फायरवॉल (इंटरनेटवरून येणारं-जाणारं अडवणारा पहारेकरी) घेतात, मग कोणालातरी वर्षाचा मेंटेनन्स देतात आणि बॅकअपची आठवण शेवटी काढतात. आपण यादीपासून सुरू करू. बाहेरच्या कंपनीला काम सोपवण्याची पायरी बरीच पुढे येईल, कारण आपल्याकडे काय आहे हेच माहीत नसेल तर सोपवणार काय?

पहिली पायरी: एक वही करा

एक्सेल चालेल, पण कागदाची वही जास्त बरी, कारण तिला व्हायरस कुलूप लावू (एन्क्रिप्ट करू) शकत नाही. तीत प्रत्येक कॉम्प्युटर, त्यावरचं विंडोज, तो कोण वापरतं, हे लिहा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. खरा वेळ पुढच्या पानाला लागतो: कुठल्या गोष्टीचं मुख्य लॉगिन कोणाकडे आहे?

कंपनीचं डोमेन (वेबसाइट आणि ईमेलचा पत्ता) कोणाच्या नावावर आणि कोणाच्या ईमेलवर घेतलंय? ईमेलचा मुख्य ॲडमिन कोण? राउटरचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? जीएसटी पोर्टलला जोडलेला मोबाईल नंबर अजून कंपनीत असलेल्या माणसाचाच आहे ना? डिजिटल सिग्नेचरचा टोकन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि त्याचा पिन त्याच टोकनवर चिकटपट्टीने लावलेला नाही ना? हसू नका, सीएच्या ऑफिसातला टोकनचा डबा एकदा उघडून बघा.

बऱ्याच ठिकाणी असं निघतं की डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर आहे आणि तो मुलगा आता बंगळुरूला नोकरी करतो. हे आधी सोडवा. डोमेन, ईमेलचा मुख्य ॲडमिन आणि बॅकअपचा पासवर्ड या तीन किल्ल्या मालकाकडे हव्यात. बाकी सगळं दुसऱ्याकडे दिलं तरी चालतं.

दुसरी पायरी: बॅकअप, आणि तो उलट घेऊन बघणं

रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फायलींना कुलूप लावून किल्लीचे पैसे मागणारा व्हायरस. लहान ऑफिसात तो सर्वात जास्त नुकसान कुठे करतो ते नीट समजून घ्या. टॅलीचा डेटा एका मशीनवर असतो आणि बाकीच्यांना दिसावा म्हणून तो फोल्डर शेअर केलेला असतो. शेअर करताना घाईत 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' दिलेलं असतं. मग डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी भलती अटॅचमेंट उघडली की व्हायरस त्या कॉम्प्युटरपुरता थांबत नाही. त्या मशीनला जे ड्राइव्ह दिसतात ते सगळे तो एन्क्रिप्ट करतो, अकाउंट्सचा फोल्डरसुद्धा. बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवली असेल तर तीही जाते. विंडोज स्वतःहून ठेवतं त्या जुन्या प्रती तर तो आधीच पुसून टाकतो.

म्हणून जुना नियम: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. त्यात मी एक भर घालेन. एक प्रत तरी अशी हवी जी कुठल्याच वायरला जोडलेली नाही.

ही भर का, ते मर्स्कच्या गोष्टीतून कळेल. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत जगभर गेला. जहाज कंपनी मर्स्कचं नेटवर्क कोसळलं आणि आपल्या न्हावाशेव्यात, जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. कंपनीचे कर्मचारी, मशीन, परवानग्या यांचा हिशेब ठेवणारे डोमेन कंट्रोलर सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते, त्यामुळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक. का? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता! लोडशेडिंगचा इतका मोठा उपयोग दुसरा ऐकिवात नाही. पण विजेच्या भरवशावर राहू नका.

प्रत्यक्षात असं करा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवारी एक, मंगळवार-गुरुवार-शनिवारी दुसरी. संध्याकाळी जोडायची, बॅकअप घ्यायचा, काढून कपाटात. आठवड्यातून एकदा त्यातली एक मालकाच्या घरी. टॅली चालू असताना फोल्डर नुसता कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट लिहिलेल्या फायली कॉपी होतात. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही तिथेच आहेत. ड्रॉइंग, ईमेल, पगाराच्या शीट यांची यादी वेगळी करा, त्या नेहमी राहून जातात.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हला फोल्डर जोडला म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. ते सिंक आहे. इकडे फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. जुनी आवृत्ती काही दिवस, साधारण ३० दिवस, परत मिळते खरी, पण हजारो फायली परत आणायची वेळ आली की घाम फुटतो.

आणि महिन्यातून एकदा उलटी तपासणी. बॅकअप एखाद्या दुसऱ्याच कॉम्प्युटरवर रिस्टोअर करायचा, कंपनी उघडायची, ट्रायल बॅलन्स जुळतो का आणि शेवटचं व्हाउचर कोणत्या तारखेचं आहे ते बघायचं. अकाउंटंटला दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. 'बॅकअप सक्सेसफुल' हा मेसेज पाहून समाधान मानणाऱ्यांना नेमक्या गरजेच्या दिवशी रिकामा फोल्डर मिळतो.

तिसरी पायरी: बाहेरचे दरवाजे

मालकाला घरून टॅली बघायची असते. कॉम्प्युटरवाला सोपा मार्ग काढतो. राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा नंबर असलेला दरवाजा, ऑफिसच्या मशीनकडे वळवतो, आणि रिमोट डेस्कटॉपने घरून लॉगिन होतं. युजरनेम 'ॲडमिनिस्ट्रेटर', पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. रॅन्समवेअरवाल्यांचा हा सर्वात आवडता रस्ता आहे. पोर्टचा आकडा बदलून ३३९० केला तरी फरक पडत नाही, ते सगळेच आकडे चाचपतात.

आजच कॉम्प्युटरवाल्याला शेजारी बसवून राउटरमधलं 'पोर्ट फॉरवर्डिंग'चं पान उघडायला सांगा. तिथे जी ओळ दिसेल ती कशासाठी आहे हे त्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर ओळ काढायची. घरून काम हवंच असेल तर आधी व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा बंदिस्त रस्ता), त्यावर ओटीपी, मग रिमोट डेस्कटॉप. एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर कामापुरतं चालू करून बंद करा. कायमचा पासवर्ड लावून ते चोवीस तास चालू ठेवू नका.

त्याच पानावर डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची, ओळ सापडेल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते, कारण कंपनीतून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय अकाउंट्सच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा. राउटर बरा असेल तर त्यात 'गेस्ट नेटवर्क' असतं, तेही पुरतं.

चौथी पायरी: लॉगिन

ईमेल, बँक, जीएसटी, क्लाउड, सगळीकडे पासवर्डच्या पुढची दुसरी पायरी (ओटीपी वगैरे) चालू करा. ई-वे बिलाच्या पोर्टलने १ एप्रिल २०२५ पासून ती सर्वांना सक्तीची केली तेव्हा बरीच कुरकुर झाली. मला विचाराल तर ईमेलला ती त्याहून जास्त गरजेची आहे, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड बदलायची लिंक ईमेलवरच येते. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) चांगलं.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती मात्र सोडून द्या. माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात आणि मॉनिटरला चिठ्ठी लावतात. निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेनेसुद्धा २०१७ पासून ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असंच सांगितलंय. लांब पासवर्ड ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर. बदलायचा तो फुटल्याचा संशय आल्यावर किंवा माणूस सोडून गेल्यावर.

सोडून जाणाऱ्यासाठी एचआरच्या फॉर्ममध्ये एक चौकट वाढवा: ईमेल बंद, टॅलीचा युजर बंद, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, सिमकार्ड परत. आणि रोजच्या कामाच्या विंडोज लॉगिनला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, मालकाच्या लॅपटॉपलासुद्धा. यावर मालकच सर्वात जास्त चिडतात.

पाचवी पायरी: जुनं विंडोज आणि क्रॅक

इथे फार बोलण्यासारखं नाही. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर विंडोजमधल्या एका फटीतून जगभर पसरलं तेव्हा ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच येऊन पडलं होतं, लोकांनी घेतलं नव्हतं. सीएनसी मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर बदलता येत नसेल तर त्याचं इंटरनेट काढून घ्या, प्रोग्रॅम पेनड्राइव्हने द्या आणि तो पेनड्राइव्ह फक्त तेवढ्यासाठीच ठेवा. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा 'क्रॅक' चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला का सांगतात, याचा विचार करा.

सहावी पायरी: पैसे बाहेर जातात तो रस्ता

रॅन्समवेअरचा गाजावाजा होतो, पण कित्येक लहान धंद्यांचे पैसे एका साध्या ईमेलने जातात. नेहमीच्या सप्लायरचा मेल येतो, आधीच्याच चर्चेच्या धाग्यात, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर. खाली एक ओळ: ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया या खात्यावर पाठवा. अकाउंटंट एनईएफटी करतो. पंधरा दिवसांनी सप्लायरचा फोन येतो, "पेमेंटचं काय झालं?"

चोर दोनपैकी एका मार्गाने येतो. पहिला, हुबेहूब दिसणारं डोमेन. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी ठेवले की घाईत 'एम'च वाटतो. दुसरा मार्ग जास्त वाईट: दोघांपैकी एकाचा मेलबॉक्स खरंच त्याच्या ताब्यात असतो आणि तो कित्येक दिवस नुसता वाचत बसलेला असतो. अशा वेळी तो बहुधा एक नियम लावून ठेवतो, की 'पेमेंट' किंवा 'इनव्हॉइस' शब्द असलेले मेल परस्पर बाहेर पाठव. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या मेल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. द्राक्षं, हळद, कापड बाहेरदेशी पाठवणाऱ्यांनी तर बघाच. तुमचा मेलबॉक्स फुटला तर तुमचा रॉटरडॅमचा ग्राहक प्रामाणिकपणे भलत्यालाच पैसे पाठवेल.

यावरचा उपाय फुकट आहे. खातं बदलल्याचा मेल आला की आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर करायचा नाही. फोनवर खात्री झाल्याशिवाय नवं खातं जोडायचं नाही, मालकाचा मेल आला तरी नाही. देशातल्या व्यवहारांसाठी आणखी एक सोय झाली आहे: एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी बघता येतं. पूर्वी खाते क्रमांक जुळला की पैसे जायचे, नावाकडे यंत्रणा बघायची नाही. आता नाव दिसतं, तर वाचा.

अकाउंट्सच्या माणसाच्या मोबाईलकडेही लक्ष हवं. व्हॉट्सॲपवर आरटीओचं चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून 'एपीके', म्हणजे ॲपची फाइल येते, ती टाकली की फोनवरचे एसएमएस चोराला दिसू लागतात, ओटीपीसकट. पत्रिका कधीही ॲपच्या रूपात येत नाही. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता आता 'डॉट बँक डॉट इन'ने संपायला हवा, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली होती. आणि तुमच्या नावाने दुसऱ्याने मेल पाठवू नयेत यासाठी डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या. जाणत्याला तासाभराचं काम.

सातवी पायरी: बाहेरची कंपनी नेमताना

आता मॅनेज्ड सर्व्हिसकडे येऊ. जुन्या वार्षिक मेंटेनन्समध्ये बिघडलं की माणूस येतो. मॅनेज्ड सेवेत तुमच्या प्रत्येक मशीनवर त्यांचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो अपडेट टाकतो, बॅकअप झाला का बघतो, संशयास्पद हालचाल दिसली की त्यांच्या टेबलावर घंटी वाजवतो. हिशेब बहुधा दर मशीनमागे दरमहा असतो. अँटिव्हायरसच्या पुढचं, मशीनवरच्या हालचालींवर नजर ठेवणारं ईडीआर नावाचं सॉफ्टवेअर यात येतं. पुण्याच्या क्विक हीलचं सेकराइट असो की मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर बिझनेस, नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही. विचारायचं हे, की रविवारी पहाटे दोन वाजता घंटी वाजली तर ती ऐकायला कोण जागं आहे? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी झाला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारच्या स्विफ्टवरून (बँकांची परदेशी पैसे पाठवायची यंत्रणा) झालेल्या व्यवहारासह आकडा सुमारे ९४ कोटींवर गेला. चोर सुट्टीचा दिवस निवडतात.

दुसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या सुरक्षेचा. त्यांचा प्रोग्रॅम तुमच्या सगळ्या मशीनवर ॲडमिन असतो, म्हणजे ते फुटले की तुम्हीही. जुलै २०२१ मध्ये कॅसिया या कंपनीचं असंच सॉफ्टवेअर फोडून गुन्हेगारांनी ते वापरणाऱ्या सेवादारांच्या मार्फत सुमारे १५०० धंद्यांत रॅन्समवेअर घुसवलं. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवादारावर हल्ला झाला आणि जवळपास ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांनी काहीच केलं नव्हतं.

तेव्हा करारावर सही करण्याआधी हे लिहून घ्या. त्यांच्या प्रत्येक माणसाचं वेगळं लॉगिन असेल, पासवर्डनंतरच्या ओटीपीसह. 'सपोर्ट' नावाचं एकच खातं सगळे वापरणार नाहीत. काम बंद पडलं तर किती तासांत माणूस मिळेल. फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग (काय-काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस कोण ठेवेल, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ते बंधन आहे. दर तिमाहीला बॅकअप परत घेऊन दाखवतील, तुमच्यासमोर. करार संपल्यावर सगळे पासवर्ड आणि सेटिंगची प्रत किती दिवसांत देतील आणि त्यांचा प्रोग्रॅम काढून नेतील. हे शेवटचं कलम आनंदाच्या दिवसांत कोणी मागत नाही आणि मग बिलावरून भांडण झालं की राउटरचा पासवर्ड ओलीस राहतो.

एक मुख्य ॲडमिनचं खातं मालकाचं. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, तिजोरीत. ते रोज वापरायचं नाही, पण सेवादाराने हट्ट केला तरी ते द्यायचं नाही.

महिन्याचा रिपोर्ट येईल, रंगीत आणि हिरव्या खुणांनी भरलेला. त्यात फक्त तीन आकडे शोधा: किती मशीनवर अपडेट राहिलेत, किती दिवस बॅकअप झाला नाही, आणि आपल्या वहीतल्या मशीनची संख्या त्यांच्या यादीशी जुळते का. जुळली नाही तर कुठलंतरी मशीन कोणाच्याच नजरेत नाही.

आठवी पायरी: झालंच तर

स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी दिसली, फायलींची नावं विचित्र झाली, की नेटवर्कची वायर काढा आणि वायफाय बंद करा, त्या मशीनचं आणि शेजारच्यांचंही. बॅकअपची डिस्क जोडून 'बघू तरी' करू नका. चिठ्ठीचा मोबाईलने फोटो घ्या. मशीन फॉरमॅट करायला निघालेल्या उत्साही माणसाला अडवा, कारण शिरकाव कुठून झाला याचा पुरावा त्यातच असतो आणि ते कळलं नाही तर स्वच्छ मशीनमध्ये पुन्हा तोच पाहुणा येतो. कोणत्या जातीचं रॅन्समवेअर आहे हे कळलं की 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोलच्या सहभागातल्या प्रकल्पाच्या वेबसाइटवर बघा, काहींची किल्ली तिथे फुकट मिळते.

पैसे गेले असतील तर सगळं सोडून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची आशा असते. सोबत आपल्या बँकेला कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. सर्ट-इनला घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. हे काम तुमचं की सेवादाराचं, ते करारातच ठरलेलं बरं. ग्राहकांची किंवा कामगारांची माहिती, आधारच्या झेरॉक्स वगैरे बाहेर गेली असेल तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बघावा लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तोवर जुन्या कामगारांच्या आधारच्या स्कॅनचा फोल्डर रिकामा करायला हरकत नाही.

या पायरीतले नंबर आणि कोणी कोणाला फोन करायचा हे एका कागदावर छापून अकाउंट्सच्या टेबलाजवळ भिंतीला लावा. सगळे कॉम्प्युटर बंद असताना कॉम्प्युटरमधली यादी उघडत नाही.